व्हेपचा पांढरा ढग: धूर म्हणायचा की वाफ?

प्रश्न (जुळे सोलापूरहून): माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखी दिसणारी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडली. "आई, ही वाफ आहे, धूर नाही. यात काही जळतच नाही," असं तो म्हणतो. सिगारेट त्याने कधी ओढलेली नाही. माझे दीर वीस वर्षं सिगारेट ओढत होते. वर्षभरापासून तेही व्हेपवर आहेत आणि पुतण्याचीच बाजू घेतात. घरात सासूबाईंना दमा आहे, पंप चालू आहे. आमच्या लिफ्टमध्ये 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी आहे, पण ती आपल्याला लागू नाही म्हणून भावजी तिथेही ओढतात. हा धूर मानायचा की नाही, एकदा नीट सांगा.

उत्तर:

ताई, तुमच्या मुलाला मी अर्धे गुण देईन. धूर नाही, हे त्याचं बरोबर. वाफ आहे, हे चूक. आणि या दोन्हींवरून तो जो निष्कर्ष काढतोय, म्हणजे 'म्हणून चालतं', तो या दोन्हींतून निघतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात, लिफ्टमध्ये, गाडीत, सासूबाईंच्या आसपास हा ढग सरळ धूर समजा आणि धुराला जो नियम तोच त्याला लावा. तुमच्या दिरांच्या स्वतःच्या छातीचा हिशोब करताना मात्र त्याला धूर समजू नका, कारण तिथे फरक मोठा आहे आणि तो नाकारला तर त्यांचं नुकसान होईल. एकाच ढगाला दोन न्याय कसे, हे थोडं विस्ताराने सांगावं लागेल.

धूर जळण्यातून येतो. सिगारेटचा किंवा बिडीचा झुरका घेतला की पेटलेल्या टोकाचं तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. तंबाखू, कागद, तेंदूचं पान, सगळं अर्धवट जळतं. त्यातून काजळीचे कण, डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि सात हजारांहून जास्त रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत. निकोटीनमुळे माणूस सिगारेटला चिकटतो, पण त्याचा जीव घेतात ती मुख्यतः या जळण्यातून निघालेली रसायनं. छातीच्या ओपीडीत आमची हयात या जळलेल्या मालाशी झुंजण्यात जाते.

व्हेपमध्ये बॅटरी असते, तारेची एक छोटी कॉइल असते आणि कॉइलभोवती कापसाची वात. वात ज्या द्रवात भिजलेली असते त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर असतात. ओढलं की कॉइल तापते, साधारण २०० ते २५० अंशांपर्यंत. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, शुद्ध ग्लिसरीन २९० ला, पण दोघांचं मिश्रण त्याआधीच. म्हणजे कॉइलजवळ क्षणभर खरोखरच वाफ तयार होते. पण ती पुढच्या नळीत यायच्या आत गार पडते आणि तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तोंडात जातात आणि तोंडातून बाहेर येतात ते हे थेंब. हवेत तरंगणाऱ्या अशा थेंबांना किंवा कणांना शास्त्रात एरोसोल म्हणतात. धूर हाही एरोसोलच, फक्त जळण्यातून आलेला. म्हणजे ही दोन भावंडं आहेत, एक भट्टीतून आलेलं आणि दुसरं तव्यावरून.

मुलाला हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या मे महिन्याचा दाखला द्या. सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर असताना, कोरड्या हवेत, तोंडातून सोडलेला श्वास कुणाला दिसतो का? त्यातही पाण्याची वाफ भरपूर असते, पण ती दिसत नाही. चहाच्या पातेल्यावरचा पांढरा पट्टासुद्धा वीतभर वर गेला की नाहीसा होतो. आणि व्हेपचा ढग भर उन्हाळ्यात, पंख्याखाली, हात-दोन हात लांबीचा झालेला दिसतो. पाण्याचे थेंब त्या हवेत इतके टिकले नसते. ग्लिसरीन सहजासहजी उडून जात नाही, म्हणून तो ढग टिकतो.

त्याच्या ओळखीचा आणखी एक पुरावा आहे. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला आणि डीजेसमोर जे फॉग मशीन लावतात, त्यातल्या द्रवात पाण्याबरोबर बहुतेकदा हीच मंडळी असतात, ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. (ड्राय आइसचा खाली जमिनीवर लोळणारा ढग वेगळा, त्यात गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो.) नाटक-सिनेमाच्या सेटवर रोज अशा कृत्रिम धुक्यात काम करणाऱ्यांची तपासणी झालेली आहे आणि त्यांच्यात खोकला, घशाची जळजळ, छातीत घरघर या तक्रारी आढळलेल्या आहेत. तिथे काहीही जळत नव्हतं, निकोटीनही नव्हतं.

मुलाच्या युक्तिवादाची खरी मेख इथे आहे. 'धूर नाही, म्हणजे अपाय नाही' असं दुसऱ्या एखाद्या गावात कुणी म्हटलं तर ऐकून घेतलं असतं, सोलापुरात नाही. या गावाच्या छात्या ज्या गोष्टींनी बिघडल्या त्यातल्या कित्येकींना धूर नव्हता. कापसाच्या धुळीने सूतगिरणीतल्या कामगारांना जो आजार होतो, ज्याला बिसिनोसिस म्हणतात, त्यात आठवड्याची सुट्टी संपवून कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. धूर कुठला, नुसता कापसाचा भुसा. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या वसाहतीत किंवा शहराच्या पूर्व भागातल्या घराघरांत ज्या बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात, हजार बिड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर, त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात एक बिडी पेटवलेली नसते. तरी तंबाखूची धूळ त्यांच्या नाकात जाते, हाताला ती सारखी लागते, आणि तपासलं तर लघवीत निकोटीनचा माग सापडतो. मावा आणि मिश्री यांचं तर सांगायलाच नको. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला विचारा, धूर होता का?

तेव्हा 'धूर आहे का' हा प्रश्न सोडून द्यायचा आणि विचारायचं, 'फुप्फुसात काय जातंय आणि किती?'

मुलगा हुशार दिसतो, तो पुढे म्हणेल, आजीचा पंप आणि नेब्युलायझर तरी काय आहे, तोही एरोसोलच. शंभर टक्के बरोबर, आणि हा मुद्दा मला फार आवडतो, कारण तो त्याच्यावरच उलटतो. दम्याचं औषध आम्ही बारीक थेंबांतून किंवा कणांतून देतो ते एवढ्यासाठीच की असे थेंब घशात न अडकता खोल श्वासनलिकांपर्यंत पोचतात आणि तिथून झटपट काम करतात. एरोसोल हे उत्तम वाहन आहे, आणि म्हणूनच त्यात कोण बसलंय याला महत्त्व. नेब्युलायझरमध्ये निर्जंतुक सलाइन आणि श्वासावाटे देण्यासाठी तपासलेलं, मोजलेलं औषध असतं. व्हेपमध्ये 'मँगो आइस' असतं.

हे फ्लेवर खाण्याच्या दर्जाचे आहेत असं पाकिटावर छापतात. खाण्याच्या दर्जाचे असतीलही, पण पोटाचं काम वेगळं आणि फुप्फुसाचं वेगळं. लिंबाचा रस आपण पितो, तो कुणी नाकात ओढत नाही. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिसुरी राज्यातल्या एका पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना २००० साली फुप्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या आवळून टाकणारा दुर्मीळ आजार झाल्याचं उघड झालं. कारण निघालं डायॲसिटिल, लोण्याचा वास देणारं रसायन. खायला परवानगी असलेलं, पण वाफाळत्या पिंपाजवळ उभं राहून श्वासात घेतलेलं. हेच डायॲसिटिल व्हेपच्या कित्येक गोड फ्लेवरमध्ये सापडलेलं आहे. आता समोरची बाजूही सांगायला हवी. सिगारेटच्या धुरात डायॲसिटिल याहून जास्त असतं. त्यामुळे 'व्हेप ओढलीस की पॉपकॉर्न लंग होणारच' अशी जी भीती मोबाइलवर फिरते ती मी पेशंटला घालत नाही. मुद्दा एवढाच की 'खायला चालतं' हे प्रमाणपत्र छातीला लागू नाही.

द्रव तापवल्यावर तो आहे तसाच राहतो असंही नाही. ग्लायकॉल आणि ग्लिसरीन उष्णतेने मोडतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलीन तयार होतात. साध्या वापरात सिगारेटपेक्षा बरेच कमी, पण वात सुकली, बॅटरीचा जोर वाढवला की हे प्रमाण एकदम चढतं. ओढणाऱ्याला ते कळतं, करपट चव येते. त्या वेळी कापूसही करपत असतो, म्हणजे 'काही जळतच नाही' हे वाक्यही तेवढ्यापुरतं खोटं पडतं. शिवाय कॉइल आणि डाग दिलेल्या जोडांमधून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश थेंबांत उतरतात. किती उतरतील हे त्या यंत्राच्या दर्जावर आहे.

आणि दर्जाचं म्हणाल तर भारतात त्याची हमी कोण देणार? इथे हे यंत्र कायदेशीररीत्या कुणी बनवत नाही, कुणी आयात करत नाही. त्यामुळे पानटपरीच्या गल्ल्याखालून किंवा इन्स्टाग्रामवरून जे मिळतं त्याच्या पाकिटावर लिहिलेलं काहीही खरं मानायला आधार नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुणांच्या फुप्फुसांना अचानक तीव्र इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली, ६८ जण दगावले. तपासात बोट गेलं ते व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे. गांजाचा अर्क असलेल्या, बाजाराबाहेरून घेतलेल्या कार्ट्रिजमध्ये तो घट्टपणासाठी मिसळलेला होता. ती साथ मुख्यतः साध्या निकोटीनच्या व्हेपमुळे आलेली नव्हती, हे खरं. पण बेनामी द्रव फुप्फुसात ओढण्याचा धोका कसा दिसतो ते त्यातून समजतं. आपल्याकडे तर प्रत्येकच द्रव बेनामी.

आता भावजींकडे वळतो. त्यांचं प्रकरण मुलापेक्षा अगदी वेगळं आहे आणि दोघांना एकाच मापाने मोजाल तर दोघांवरही अन्याय होईल.

सिगारेट सोडवण्याच्या क्लिनिकमध्ये श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक छोटं यंत्र असतं. रोज सिगारेट-बिडी ओढणाऱ्याने त्यात फुंकलं की आकडा बहुतेकदा दहा पीपीएमच्या वर जातो. फक्त व्हेप ओढणाऱ्याने फुंकलं तर न ओढणाऱ्यासारखाच येतो, कारण जळण नाही तर कार्बन मोनॉक्साइड नाही. त्याच माणसाची लघवी तपासली तर निकोटीनचा माग भरपूर. म्हणजे व्यसन जागच्या जागी, पण जळण्याचा माल बंद. हृदयाला आणि फुप्फुसाला हा फरक कळतो. भावजींनी सिगारेट खरोखर पूर्ण सोडली असेल तर त्यांच्या शरीरात जाणारी विषारी रसायनं बरीच कमी झाली आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर मान्य करेन.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये 'व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक' असं म्हटलं होतं, आणि तो आकडा व्हेपवाल्या प्रत्येकाला पाठ असतो. तो प्रयोगात मोजून काढलेला आकडा नव्हे, काही तज्ज्ञांनी एकत्र बसून बांधलेल्या अंदाजाचा आहे. दिशा बरोबर आहे, पण आकड्याला मी गंधफूल वाहणार नाही. त्याच देशात निकोटीनवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, उत्पादनाची नोंदणी लागते, आणि जो ओढत नाही त्याने व्हेप सुरू करू नये असंही तिथले डॉक्टर त्याच दमात सांगतात. हा शेवटचा भाग आपल्याकडे पोचताना गळून पडतो. निकोटीनच्या व्हेपने सिगारेट सुटायला गम किंवा पॅचपेक्षा जास्त मदत होते, असा चाचण्यांचा निष्कर्षही आहे. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटना व्यसन सोडवण्यासाठी बाजारातल्या व्हेपची शिफारस करत नाही, आणि आपल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदी सुचवली. मी भारतात प्रॅक्टिस करतो. बेकायदा, बेनामी वस्तू मी कुणाला लिहून देऊ शकत नाही आणि देणारही नाही. पण ज्याने त्या आधाराने सिगारेट सोडली आहे त्याला "त्यापेक्षा सिगारेट बरी" असं कुणी म्हणू नये. घरातली मंडळी रागाच्या भरात नेमकं हेच म्हणतात, आणि माणूस परत पाकिटाकडे वळतो.

भावजींना दोन गोष्टी विचारा. एक, मित्रांच्या बैठकीत, ढाब्यावर अधूनमधून सिगारेट चालू आहे का? दोन्ही चालू असतील तर फायद्याचा हिशोब जवळजवळ पुसला जातो. दोन, व्हेप कधी थांबवणार? कारण ती पंधरा-वीस वर्षं ओढली तर काय होतं हे अजून कुणालाच पुरतं दिसलेलं नाही. आजच्या पद्धतीची ई-सिगारेट होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास बनवली. सिगारेटने होणारा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागण्याचा आजार), कॅन्सर उभा राहायला वीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे या यंत्राचा निकाल लागण्याआधीच तुमचे दीर परीक्षेला बसले आहेत.

सासूबाईंसाठी मात्र ही सगळी तुलना बिनकामाची आहे. त्या काही सिगारेट सोडून व्हेपच्या ढगात बसलेल्या नाहीत. त्यांची तुलना स्वच्छ हवेशी करायची. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीज या विज्ञानसंस्थांनी २०१८ च्या अहवालात निःसंदिग्धपणे म्हटलं आहे की बंद जागेत व्हेप ओढल्याने हवेतले सूक्ष्म कण आणि निकोटीन वाढतं. सिगारेटइतकं नाही. सिगारेट बोटांत नुसती धरली तरी तिच्या टोकातून धूर निघत राहतो, व्हेपमधून फक्त ओढणाऱ्याने सोडलेलं बाहेर येतं, आणि त्याचे थेंब धुराच्या कणांपेक्षा लवकर विरून जातात. पण दम्याच्या श्वासनलिका आधीच चिडलेल्या असतात. त्यांना अत्तर, फोडणीचा ठसका, फिनेलचा वास एवढंही पुरतं. ग्लायकॉलचे थेंब आणि पुदिन्याचा फ्लेवर त्यांच्या खोलीत सोडायचं काहीच कारण नाही. म्हणून त्यांच्यापुरता नियम सोपा ठेवा: घरात अजिबात नाही, खिडकीत उभं राहूनही नाही.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलाला गॅलरीत हाकलाल आणि सासूबाईंच्या खाटेखाली रात्रभर डासांची कॉइल जळत असेल, तर त्यांच्या छातीला फारसं काही मिळणार नाही. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. उदबत्ती आणि धूप यांचाही नंबर त्याच रांगेत. आणि हा तर वादातीत, शुद्ध धूर. घरात धुराचा नियम करायचा तर देवघरापासून करावा लागेल, आणि ते सासूबाईंना पटवण्याचं काम व्हेपपेक्षा अवघड आहे याची मला कल्पना आहे. मच्छरदाणी आणा, उदबत्ती खोलीबाहेर लावा, इथून सुरुवात करा.

लिफ्टच्या पाटीबद्दल. भावजींचा कायदेशीर मुद्दा पोकळ नाही, पण त्यांना वाटतो तितका सोयीचाही नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा २००३ चा कायदा तंबाखू ओढण्याबद्दल बोलतो: सिगारेट, सिगार, बिडी, चिलीम वगैरे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम आणि दोनशे रुपयांपर्यंतचा दंड त्याखालीच येतो. व्हेपच्या द्रवात तंबाखूचं पान नसतं, म्हणून तिथे वाद घालायला जागा आहे. पण व्हेपसाठी वेगळाच, याहून कितीतरी कडक कायदा आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पदार्थ तापवून श्वासात घेण्यासाठी एरोसोल तयार करणारं विजेवरचं साधन, मग त्यात निकोटीन असो वा नसो. धूर की वाफ या वादात कायदा पडलाच नाही. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी साधनंही त्यातच घेतली. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, आणि पोरं एवढंच वाक्य लक्षात ठेवतात. पण दुबईहून मित्रासाठी चार नग आणले तर ती आयात आणि हॉस्टेलवर दोघांना विकले तर ती विक्री. तुमच्या मुलाला या वाक्याची जास्त गरज आहे. बाकी बारकावे वकिलाला विचारा, मी छातीचा डॉक्टर.

पाटीचा तंटा मात्र एका बैठकीत मिटेल. सोसायटीच्या सभेत ठराव करा आणि पाटीवर 'धूम्रपान व व्हेपिंग निषिद्ध' असं लिहा. इतर ठिकाणीही हेच झालं आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कामाच्या जागेवरच्या धूम्रपानाच्या व्याख्येत व्हेप घातली, न्यूझीलंडने २०२० मध्ये धूम्रपानमुक्त जागांवर तिलाही बंदी केली. रसायनशास्त्र बदललं म्हणून त्यांनी हे केलं नाही. ज्या जागेत दुसऱ्याला श्वास घ्यावाच लागतो तिथे ढगाची जात विचारत बसणं व्यवहार्य नाही, म्हणून केलं. भावजी मुंबईला वंदे भारतने जात असतील तर त्यांना आठवण करून द्या की तिच्या डब्यात धूर ओळखणारे सेन्सर असतात. प्रकाश विखुरला की वाजणाऱ्या सेन्सरला थेंब आणि काजळी यातला फरक फारसा कळत नाही.

राहिला मुलगा. त्याच्या बाबतीत मला फुप्फुसापेक्षा मेंदूची काळजी जास्त आहे. सिगारेट न ओढलेला मुलगा थेट निकोटीनवर आला आहे. पूर्वी नवशिक्याला पहिल्या सिगारेटने ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि काही जण तिथेच माघारी फिरायचे. आताच्या पॉडमध्ये, म्हणजे व्हेपमध्ये बसणाऱ्या द्रवाच्या छोट्या टाकीत, निकोटीन सॉल्ट असतं. आम्ल घालून त्याचा तिखटपणा काढलेला असतो, त्यामुळे जास्त निकोटीनही घशाला लागत नाही. पाच टक्के लिहिलेल्या द्रवात मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन असतं. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते एक ते दोन मिलिग्रॅम. दोन मिलिलिटरचा पॉड म्हणजे शंभर मिलिग्रॅम भरलेली टाकी. सगळं शरीरात जात नाही, तरी अंदाज येतो. आणि सिगारेट संपते, हातातून पडते, ती ओढायला बाहेर जावं लागतं. व्हेप उशाखाली असते.

त्याला व्याख्यान देऊ नका, व्यसन किती बसलंय ते दोन प्रश्नांनी तपासा. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला पफ घेतोस? आणि दोन दिवस घरी ठेवून दे म्हटलं तर राहशील? उठल्यावर अर्ध्या तासात हात जात असेल, किंवा दुसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष न लागणं सुरू झालं, तर धूर-वाफेचा वाद संपला, तो निकोटीनला बांधला गेलाय. मग उपचार सिगारेटवाल्यासारखेच. निकोटीन गम मिळतात, पण ते च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसतात. थोडं चावायचं, तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. नाहीतर निकोटीन पोटात जातं आणि नुसत्या उचक्या लागतात. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला मोफत क्रमांक १८००-११-२३५६ व्यसन सोडवण्याच्या समुपदेशनासाठीच आहे. त्याला तिथे स्वतः बोलू दे, तुम्ही शेजारी बसू नका.

एक पथ्य पाळा. त्याला घाबरवायला 'हे सिगारेटपेक्षा वाईट' असं सांगू नका. तो मोबाइलवर दोन मिनिटांत ते खोडून काढेल आणि नंतर तुमचं खरंही ऐकणार नाही. सांगायचं ते एवढंच: सिगारेट ओढणाऱ्या काकांसाठी ती खालची पायरी असेल, तू जमिनीवर उभा होतास, तुझ्यासाठी ती चढच आहे.

यंत्र त्याने स्वतःहून दिलं तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ई-कचऱ्यात द्या. आणि तोवर ती टाकी घरातल्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. फळांच्या वासाचा तो द्रव मूल सहज तोंडाला लावतं, आणि तेवढ्या निकोटीनने उलट्या, फिट, जिवावर बेतणं इथपर्यंत जाऊ शकतं. तसं झालंच तर उलटी काढायच्या फंदात न पडता, बाटली सोबत घेऊन थेट सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.